जोतीरामचा चिमटा

वजन फरशीवर धाडकन आदळलं आणि दवाखाना बारामतीत असला तरी चहाच्या बश्या पार भिगवणपर्यंत खणखणल्या. गेणबाच्या कवटीवरून चिमटा पुन्हा निसटला होता.

शहाण्णवच्या गळीत हंगामात, सोमेश्वरनगरला उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून गेणबा डोक्यावर पडला. मानेचा मणका सरकला. डॉक्टर निंबाळकरांनी कवटीला दोन्ही बाजूंनी चिमटा लावला, त्याची दोरी कॉटच्या उशाकडच्या कप्पीवरून नेली आणि तिला वजन टांगलं. मान ताणली तर मणका जागेवर येणार, नाहीतर हातपाय कायमचे गेले. पण चिमटा सैल राहिला की निसटायचा आणि जास्त आवळावा तर हाडात घुसायचा.

डॉक्टरांनी मग नवा चिमटा कागदावर काढला. कवटीत रुतणाऱ्या खिळ्याच्या पोटात स्प्रिंग. दाब पुरेसा झाला की मागून बारीक दांडी डोकावणार, तिथंच थांबायचं. तो बनवायला त्यांनी गाठलं गेणबाच्या मेव्हण्यालाच, जोतीराम लेथवाल्याला. कारखान्याचं अडलेलं चाक आपण नुसत्या फुंकरीनं फिरवलं आणि ते अजून थांबायचं नाव घेत नाही, असं हा गडी चारचौघांत शपथेवर सांगायचा. पण खिळ्याला टोक काढताना फुशारकी विसरून तो ते सारखं स्वतःच्या अंगठ्यावर टेकवून बघत होता. ते टोक दाजींच्या डोक्यात जायचं होतं.

चिमटा बसला. दांडी डोकावली. दुपारपर्यंत गेणबाच्या दोन्ही हातांची बोटं हलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावा हात लाकूड होऊन पडला होता. डॉक्टरांनी चिमटा तपासला. तो पक्का होता. मग ताण गेला कुठं? जोतीरामची नजर दोरीवरून सरकत निघाली. कप्पीवरून खाली, कॉटच्या मागच्या सांदीत, आणि थेट बहिणीच्या पदराखाली. गेणबाची बायको साखरबाई भिंतीला टेकून बसली होती आणि झोपलेलं पोर घ्यावं तसं ते वजन तिनं मांडीवर घेतलं होतं.

"साखरे, हे काय केलंस?"

"मग काय करू, दादा? आपल्या मेंढक्यांत बोकड असा टांगत्यात. जितं माणूस न्हाय."

सिस्टर पाठमोरी झाली की ती वजन उचलून धरत होती. मांड्या बधिर झाल्या, तरी खाली ठेवलं नव्हतं.

"तिला बोलू नगा, पाव्हणं," गेणबा छताकडं बघत म्हणाला. "मीच म्हणलं, हलकं वाटतंय."

जोतीरामनं दोन्ही हातांनी वजन घेतलं आणि हिसका बसू न देता हळूहळू सोडलं. दोरी ताठ झाली. गेणबानं डोळे मिटले. याच्यामुळंच हात गेला असं ठामपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण तिच्याकडं न बघता. त्याच दिवशी जोतीरामनं वजनाभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करून बसवला. साखरबाई जाळीला बोटं लावून बाहेर बसून राहिली.

उन्हाळ्यात गेणबा स्वतःच्या पायांनी निमगावच्या घरात शिरला. डावा हात मात्र बाजूला नुसता लोंबत होता. जेवणाच्या पंगतीला भावकी जमली होती. गेणबाच्या आईनं, गोजरबाईनं, सगळ्यांदेखत विचारलं, पाय आलं, उजवा हात आला, मग ह्योच कसा मागं राह्यला?

चुलीपुढं भाकरी थापणारा साखरबाईचा हात थांबला. तिनं तोंड उघडलं.

"माझा चिमटा कच्चा निघाला, आत्या," जोतीराम म्हणाला. "स्प्रिंग ढिली पडली."

मग गोजरबाईनं त्याचा सगळा उद्धार केला. लेथ काढली, मिजास काढली, त्याला शिकवणाऱ्यालाही सोडलं नाही. भावकीनं माना डोलावल्या. जोतीराम ताटातली आमटी बोटानं ढवळत ऐकत राहिला. गेणबानं काहीतरी बोलायला मान वळवली. ती पुरती वळत नव्हती.

साखरबाईनं तव्यावरची भाकरी उचलली, आणि सासूसमोर, नवऱ्याच्या आधी, भावाच्या ताटात वाढली.