दोन हॉल आणि एक भागाकार

भावजयीला डेटा सेंटरमध्ये चिकटवली ती ताईनंच. "माझ्या भावाची बायको आहे, शिकेल हळूहळू," असं तिनं साहेबांना सांगितलं होतं. ती खरंच हळूहळू शिकली असती, तर ताईची काहीच तक्रार नव्हती.

आता पहिला हॉल ताईच्या ताब्यात होता आणि समोरचा दुसरा भावजयीच्या. दोन्हीकडे कपाटांच्या रांगा, कपाटांत एकावर एक रचलेले कॉम्प्युटर, सगळे अखंड चालू. ते तापतात, म्हणून जमिनीखालून गार हवा सोडावी लागते, आणि तो गारवा करायलाही वीज लागते. कामाला किती वीज लागली आणि वरखर्चात किती गेली हे कळावं म्हणून एक साधा भागाकार आहे. हॉलमध्ये आलेली सगळी वीज भागिले कॉम्प्युटरांनी घेतलेली वीज. कॉम्प्युटरांनी शंभर युनिट घेतली आणि गारव्याला पन्नास गेली, तर उत्तर दीड. वरखर्च मुळीच नसता तर उत्तर एक आलं असतं, पण तसं कुणाचंच येत नाही. एकाच्या जितकं जवळ जाल तितकी शाबासकी. दोन्ही हॉलचे आकडे व्हरांड्यातल्या पडद्यावर शेजारीशेजारी झळकत.

ताईचा आकडा वर्षानुवर्षं दीड होता आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग भावजयीनं कपाटांतल्या रिकाम्या खणांवर पत्र्याची झाकणं बसवली, केबलसाठी पाडलेली भोकं बुजवली. गार हवा वाया जाईनाशी झाली आणि तिचा आकडा १.४२ वर आला. ताईला झाकणं बसवायला कुणी अडवलं नव्हतं. पण 'भावजयीचं बघून केलं' हे ऐकून घेण्यापेक्षा तिला दीड परवडत होता.

अशात साहेबांनी जाहीर केलं, की तिसरा हॉल तयार होतोय. महिनाअखेरीला जिचा आकडा कमी, तिच्याकडे तो जाईल. ताईला तो हॉल हवा होता. पाया खणला जात होता तेव्हापासून तिनं मनातल्या मनात तिथली कपाटंसुद्धा लावून ठेवली होती.

"म्हणजे हॉल घरातच राहणार!" भाऊ जेवायला बसता बसता म्हणाला. तो शहरातली बस चालवायचा, आणि दोन बायकांच्या मधून गाडी अलगद काढता येते असा त्याचा समज होता. "हिला मिळाला काय, तुला मिळाला काय!"

"तुला काय जातंय म्हणायला," ताई म्हणाली.

"ताई, तुम्हालाच मिळणार बघा," भावजय म्हणाली. "माझे अजून जनरेटर चालू करताना हात कापतात."

हे ती मनापासून बोलली, आणि तेच ताईला झोंबलं. नाटक केलं असतं तर निदान मनात चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ताईनं आपल्या हॉलचा गारवा कमी केला. गारव्याची वीज वाचेल, एवढाच हिशेब. पण प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात छोटे पंखे असतात. हवा कोमट झाली की ते जिवाच्या आकांतानं फिरायला लागतात. हॉलमध्ये असा घोंघाट उठला की ताईला वाटलं, पडले तोंडघशी; हे पंखे केवढी वीज ओढणार! ती तडक पडद्यापाशी गेली. आकडा होता १.३९.

तिनं एका कागदावर मांडून पाहिलं. पंखे कॉम्प्युटरच्या पेटीत बसवलेले, म्हणून त्यांची वीज कॉम्प्युटरच्याच खात्यात पडत होती. शंभराचे झाले होते एकशे पंधरा. गारवा पन्नासावरून पंचेचाळीसवर आला होता. एकूण मात्र दीडशेचे एकशे साठ. म्हणजे वीज जास्त जळत होती आणि आकडा सुधारला होता. भागाकारात खालची संख्या फुगली की उत्तर लहान होतं. शाळेतलं पोरही सांगेल. आपला आकडा खोटं बोलतोय हे ताईला स्वच्छ कळलं. कागद चुरगाळून ती पुन्हा पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. दिसत फार छान होतं.

साहेबांनी पाठ थोपटली. भावजय तर धावतच पहिल्या हॉलमध्ये आली.

"ताई, कसं केलंत?"

"काय?" पंख्यांत काही ऐकू येत नव्हतं.

"कसं केलंत म्हटलं! पंखे किती ओरडतायत!"

"ओरडू देत! हवा थोडी कोमट ठेवली, झालं!"

"एवढंच?"

"एवढंच!" ताई ओरडली आणि पाठ वळवून एका कपाटाचं दार उगाच उघडून बसली.

ताईनं केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं भावजयीचं साधं गणित. तिनंही हवा कोमट केली. तिच्या हॉलमध्ये भोकं बुजवलेली, झाकणं लावलेली, त्यामुळे तिथं गारव्याची जास्तच बचत झाली. संध्याकाळी निघताना ताईनं पडद्याकडे पाहिलं. पहिला हॉल १.३९. दुसरा १.३१.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलीच युक्ती, आणि तीसुद्धा हिला आपल्यापेक्षा जास्त जमावी! खोटं बोलण्यातही ही पुढे! तिनं जिन्याकडे मोर्चा वळवला. आपलाही आकडा यात जाणार, हे अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं, पण पाय काही थांबले नाहीत.

"साहेब, पडद्यावरचे दोन्ही आकडे खोटे आहेत."

"दोन्ही?"

"हो. तिचा जास्त."

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. साहेबांनी बाहेरून येणाऱ्या विजेचं मीटर तपासलं. दोन्ही हॉल मिळून वीज वाढलेलीच होती. त्याच संध्याकाळी दोन्हीकडचा गारवा पूर्ववत झाला आणि आकडे आपापल्या जागी परत गेले, ताईचा दीड आणि भावजयीचा १.४२. महिनाअखेरीला तिसरा हॉल कुणाला मिळाला, हे सांगायला नकोच.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला भावजयीचे डोळे भरून आले.

"मी खड्ड्यात चालले होते आणि ताईंनी हात धरून थांबवलं," ती नवऱ्याला सांगत होती. "स्वतःचा आकडा सोडला त्यांनी माझ्यासाठी. कोण करतं हो असं?"

"आमची ताई आहेच तशी," भाऊ म्हणाला. "लहानपणी माझ्यासाठी मारही खायची."

"तुझा मार नव्हता तो, माझाच होता," ताई म्हणाली. "गप जेव."

"बघ, कौतुकसुद्धा घेत नाही!"

ताईनं घास तोंडात कोंबला. खरं सांगावं तर हॉल तर गेलाच, वर हा मानही जाईल. न सांगावं तर या दोघांचं कौतुक रोज ताटात वाढून घ्यावं लागेल.

"ताई," भावजय म्हणाली, "तिसऱ्या हॉलचं मुख्य बटण तुम्हीच दाबायचं. मी साहेबांना सांगून ठेवलंय."

"मला वेळ नाही."

"असं नका ना म्हणू."

"नाही म्हणजे नाही." ताईनं पाण्याचा पेला उचलला, अर्धा रिकामा केला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "कधी आहे?"