सहाचं तोंड

सही केली तर पेंटरला खुर्ची मिळणार होती. खुर्चीवर पंखा, पुढ्यात कॉम्प्युटर, आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं शिडीपासून कायमची सुटका. एवढ्यासाठी माणसं सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देतात. इथे तर नुसतं ‘नव्या पाट्या वाचता येतात’ असं लिहून द्यायचं होतं. डेपोतल्या बसच्या पाट्या एकतीस वर्षं तोच रंगवत आलेला, म्हणून सही त्याचीच लागत होती.

“करा पेंटर. मुहूर्त बघताय का?” डेपोचे साहेब म्हणाले. पाट्या सोमवारी लागणार, फीत कापायला वरचे येणार, असा शब्द ते आधीच देऊन बसले होते.

नवं अक्षर देखणं होतं, हे पेंटरलाही मान्य होतं. सगळीकडे सारखी जाडी, सरळ कापलेली टोकं, कुठे फुगवटा नाही की शेपूट नाही. नुकतीच अंघोळ करून आल्यासारखं. ते काढणारी बाई समोरच बसली होती. डेपोत तिला फॉन्टवाली म्हणत.

“अक्षर झकास आहे, बाई,” पेंटर म्हणाला. “पण चाळीस पावलं झाली नाहीत अजून.”

“कसली पावलं?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. पेंटरची ही रीत सगळ्या डेपोला पाठ होती. पाटी भिंतीला टेकवायची, चाळीस पावलं मागे जायचं, चष्मा काढायचा आणि वाचायचं. नाही वाचता आली तर पुसायची, मग ती स्वतः रंगवलेली का असेना.

पटांगणात त्याने दोन नव्या पाट्या भिंतीला टेकवल्या. फॉन्टवाली त्याच्याबरोबर चाळीस पावलं मागे गेली. तिनेही चष्मा काढला.

“डावीकडे आठ,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “उजवीकडेही आठच वाटतोय.”

“तो सहा आहे. तुमचाच. इंग्रजी सहाचं टोक तुम्ही इतकं आत वळवलंय, की त्याने तोंडच मिटून घेतलंय. आमची सहा नंबर दवाखान्याला जाते, आठ नंबर गोदामांकडे. तापलेलं पोर कडेवर घेऊन एखादी गोदामाशी उतरली, तर तिला काय सांगू? अक्षर आधुनिक आहे म्हणून?”

“काका, ती गोलाई बसवायला मला चार महिने लागलेत.”

“मग उघडायला चार दिवस लावा.”

साहेब जवळ आले. “पेंटर, सोमवार गेला तर खुर्चीही गेली. आणि मग कुठे पाठवेन, ते विचारू नका.”

“नाही विचारत,” म्हणत पेंटरने कागद सही न करताच त्यांच्या हातात दिला.

फॉन्टवालीने सहाचं तोंड उघडलं, जाताजाता तीन आणि नऊचंही. पाट्या तीन आठवडे उशिरा लागल्या, तरी फीत थाटात कापली गेली. साहेबांना बढती मिळाली. फॉन्टवालीला बक्षीस मिळालं, तेही ‘लांबून सहज वाचता येणाऱ्या आकड्यां’साठी. पेंटर जुन्या टायरांच्या आवारात गेला. तिथे वाचायला काही नाही, रंगवायलाही नाही.

आवाराच्या फाटकासमोर बसथांबा आहे. एका सकाळी तिथे एक आजोबा एकटेच उभे होते. वळणावर बस दिसताच त्यांनी डोळे बारीक केले आणि कुणाला न विचारता हात वर केला. सहा नंबर थांबली, ते चढले.

मिळालं तिघांना, किंमत भरली एकट्याने. फाटकातून बघणाऱ्या पेंटरने हात पँटला पुसले आणि पुढचा टायर ढकलायला घेतला.