रजिस्टरात नसलेली रिंग

"हात मागं घ्या, अण्णा!" क्षमा मॅडम झुडपाआडून ओरडल्या.

राघोत्तमचा हात जाळ्यापासून वीतभर अलीकडंच थबकला. जाळ्यात वटवट्या लोंबकळत होता, आणि त्याच्या पायात रिंग होती.

"शिवलो नाही मॅडम, बघत होतो."

"बघायला हात कशाला लागतो?"

आता बघा, अड्यारच्या खाडीकाठी एकोणीस हिवाळे ज्यानं एकही पीस न मोडता पाखरं सोडवली, त्याला दोन वर्षं नुसते बांबू धरायला ठेवलेलं. कशापायी? एका रिंगेपायी. पाखरं जातात कुठं ते कळावं म्हणून मॅडमची तुकडी ती जाळ्यात धरून, पायात रिंग घालून सोडते; ह्या रिंगा तारेत नंबरानं ओवलेल्या येतात. घालणाऱ्यानं नंबर बोलायचा, दुसऱ्यानं लिहायचा. एकट्यानं घालायची नाही, हा नियम. त्या पावसाळी सकाळी लिहिणारा वेंकट ताडपत्री आणायला गेला, पाखरू हातात गार पडायला लागलं, आणि राघोत्तमनं रिंग घालून ते सोडून दिलं; रजिस्टरात त्या नंबरापुढची जागा कोरीच राहिली. बरं, पाखरू कुठलं म्हणाला, तर थोराड चोचीचा वटवट्या!

"तो? इथं?" मॅडम हसल्या होत्या. "तो हिवाळ्यात जातो कुठं, हेच कुणाला ठाऊक नाही!"

त्यांच्या मनानं घेतलं, पाखरू ह्याच्या मुठीत मेलं, ह्यानं रिंगेसकट पुरलं. जाळ्याखालची माती उकरून बघितली त्यांनी. राघोत्तम शेजारी उभा होता.

आज वेंकटनं पाखरू सोडवलं, नंबर वाचला. परत वाचला. "अय्यो अण्णा, तीच रिंग!"

मॅडमनी चोच मोजली, पंख मोजला. थोराड चोचीचाच वटवट्या. तरी मान वर करून विचारलंच, "सकाळी इथं आधी कोण आलं?"

"मी."

"एकटे?"

"एकटाच. म्हणा आता, दोन वर्षं रिंग खिशात घेऊन हिंडलो आणि आज घातली!"

"मॅडम, रिंग आवळायची पक्कड तुमच्याच पेटीत असते," वेंकट हळूच म्हणाला. "कुलपात."

मॅडमनी तारेतली नवी रिंग शेजारी धरली. ती लखलखीत, ही मळकट, कडा झिजलेली.

"उन्हाळ्यात हिमालयापलीकडं, आणि हिवाळ्यात परत ह्याच झुडपात," त्या पुटपुटल्या. मग पाखरू पुढं केलं. "सोडा. तुम्हीच सोडा."

राघोत्तम हलला नाही. "आधी लिहा. तेव्हाची तारीख. कुणी घातली, तेही."

मॅडमनी लिहिलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"वेंकट, वाच."

"रिंग घालणारा, राघोत्तम."

"पुढं?"

"पाखरू जिवंत सोडलं."

तेव्हा कुठं त्यानं ओंजळ पुढं केली. पाखरू भुर्रकन लव्हाळ्यात शिरलं.

"अण्णा, मी तेव्हा..." मॅडमनी सुरुवात केली.

"ऊन चढतंय मॅडम," राघोत्तम म्हणाला. "पलीकडं बुलबुल अडकलाय. त्याला असं लटकत ठेवू नये."

आणि तो चालू लागला.