चारूच्या दुकानाचं भाडं

चारुलता गेली तेव्हा मी डाळ मिलमध्ये कामावर होतो. मुलीचा, पुनमचा फोन आला. "आप्पा, आई शिवता शिवता खाली पडली. लवकर या." मी दवाखान्यात पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं.

जळगावात बाजाराच्या गल्लीत चारूचं भाड्याचं दुकान होतं. पावती तिच्या नावाची. तिथे मायलेकी ब्लाउज शिवायच्या.

दुकानाचे मालक लोटननाना धुळ्याला राहतात. ते दारावर भेटायला आले तेव्हा मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "नाना, तुमचं दुकान तुम्ही घ्या. मला तिकडे बघवत नाही." नाना किल्ली खिशात घालून गेले.

पुनमला हे संध्याकाळी कळलं. "मला विचारायचं तरी, आप्पा! मी आता कुठे बसून शिवू?" एवढ्या कमी भाड्यात बाजारात दुसरं दुकान मिळणार नव्हतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने वकिलांना विचारलं. ते म्हणाले, भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर तिथे धंदा करणारं घरचं माणूस भाडेकरू होतं. म्हणजे हक्क पुनमचा होता. पण किल्ली दिली, ताबा सोडला, असं मालक म्हणू शकतो. मग कोर्ट.

आम्ही बसने धुळ्याला गेलो. नाना ओट्यावर बसले होते.

"ये व पोरी. तुना बाप किल्ली देस, तू मांगाले येस. घरमा बोलतस का नही तुम्ही?"

"बोलतो ना, नाना. रडून झालं की बोलतो," पुनम म्हणाली.

नाना हसले. मग सरळच म्हणाले, "मोबाइलवाला तिप्पट भाडं द्यायला तयार आहे. तुमच्या भाड्यात मला छताचे पत्रेसुद्धा बदलता आले नाहीत. तुझी आई बिचारी पावसाळाभर बादली ठेवून शिवायची. एक शब्द बोलली नाही कधी."

"बोलायची. घरी येऊन बोलायची, तुमच्या नावाने."

"मी कोर्टात जाऊ शकते," असंही पुनम म्हणाली.

नानांनी टकलावरून हात फिरवला. "मागच्या भाडेकरूच्या वेळी सगळे केस कोर्टातच गेले. आता काय नेऊ तिथे? तू भाडं वाढव."

"वाढवते. पण आधी पत्रे."

"आधी भाडं."

चहा गार झाला तरी दोघं तिथेच. शेवटी ठरलं की नानांनी पत्रे टाकायचे, त्या महिन्यापासून भाडं वाढवायचं, पुढे दरवर्षी थोडं थोडं. पावती पुनमच्या नावाने, आणि नवा करार नोंदवायला नानांनी जळगावला यायचं.

नानांनी किल्ली तिच्या हातात दिली. "तुना बापले देऊ नको."

दुसऱ्या दिवशी पुनमने दुकान उघडलं. दुपारपर्यंत तीन बायका येऊन अर्धवट राहिलेले ब्लाउज मागून गेल्या. मी डबा घेऊन गेलो, तर ती मान खाली घालून शिवत होती. मी तिथेच बसून काजं केली. चारूने कधीतरी शिकवलं होतं.

नाना अजून धुळ्याहून आलेले नाहीत. नवा करार नोंदवायचा राहिला आहे.