वीस लाख नोंदींचा भूकंप

लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मृत्युंजय सर बावीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवत होते. जमिनीच्या हादऱ्यांच्या नोंदी वाचून इशारा देणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. लातुरात भूकंपाचा विषय निघाला की लोक कान देतात, त्यामुळं तपासणी समितीसमोर तोच दाखवायचं ठरलं.

हजार नोंदींवर तो छान चालला. सोमवारी सरांनी पूर्ण दिवसाच्या नोंदींसाठी त्या साठवायची रांग म्हणजे अ‍ॅरे वाढवून वीस लाखांचा केला. प्रोग्रॅम सुरू केला, तर पडद्यावर काळी खिडकी उघडली आणि मिटली. एक अक्षरही उमटलं नाही.

"व्हायरस आहे," सर म्हणाले. "फॉरमॅट मारा."

लॅब सांभाळणारी मंजुश्री उदगीरची. तिनं कोड पाहिला होता. "सर, मशीन चांगलं हाय. अ‍ॅरे फंक्शनच्या आत हाय, म्हणून स्टॅकवर, म्हंजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत, चाललाय. तिथं जागा एक एमबी, अन् ह्याला लागते सोळा."

"मॅडम, स्टॅक मी शिकवतो. तुम्ही फॉरमॅट मारा."

मंजुश्रीनं तीन मशीन फॉरमॅट केली. तिन्हींवर खिडकी तशीच मिटली. मग सरांनी वायरिंग बदलायला लावलं.

बुधवारी समिती आली. सरांनी हादऱ्यांवर दहा मिनिटं उत्तम भाषण केलं आणि बटण दाबलं. खिडकी मिटली. पुन्हा दाबलं. पुन्हा मिटली.

"इशारा फार लवकर संपतो," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

सरांनी मान न वळवता हळूच विचारलं, "मॅडम, ते काय म्हणत होता तुम्ही?"

मंजुश्री खुर्चीवर बसली. अ‍ॅरेची एक ओळ उचलून फंक्शनच्या बाहेर ठेवली आणि प्रोग्रॅम नव्यानं तयार करून चालवला. पडद्यावर नोंदी धावू लागल्या. गृहस्थांनी चष्मा पुसला आणि सरांच्या चिकाटीचं कौतुक केलं. सरांनीही ते नम्रपणे स्वीकारलं.

पाहुणे गेल्यावर मात्र ते चिडले. "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की सर, सोमवारी. तवा तुम्ही फॉरमॅट मारा म्हणले."

सरांनी खुर्ची ओढली आणि ती ओळ पुन्हा पाहिली.

महिन्याभरानं नांदेडच्या एका कॉलेजानं त्यांना 'प्रोग्रॅम का कोसळतात' यावर व्याख्यानाला बोलावलं. ते मंजुश्रीला सोबत घेऊन गेले. तिला वाटलं, प्रोजेक्टर लावायला नेत असतील. सुरुवात जोरात झाली. मग मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, अ‍ॅरे किती मोठा होणार हे आधी माहीतच नसेल तर?"

सरांनी खडू हातात फिरवला. मग तो मंजुश्रीपुढं धरून म्हणाले, "याचं उत्तर मॅडम देतील. मला ह्यांनीच शिकवलंय."

मंजुश्रीचे कान तापले. पण फळ्यापाशी गेल्यावर ती पाऊण तास बोलली. पहिल्या रांगेत बसून सर वहीत उतरवून घेत होते.