खांब नसलेले घर

भिकुमावशीचे घर वाटोळे आहे. धरणगावापासून चार मैलांवरच्या आमच्या गावात असे दुसरे घर नाही. आत वीस फूट रुंदीची एकच खोली, आणि तिला एकही खांब नाही. आठ सागवानी तुळया. प्रत्येकीचे एक टोक भिंतीवर, दुसरे शेजारच्या तुळईच्या पाठीवर. आठवी पुन्हा पहिलीवर. बी.एस्सी. होऊन पुण्याहून आलो तेव्हा चार दिवस मी जमिनीवर उताणा पडून ते छत पाहिले आणि एका साप्ताहिकात आकृतीसह लेख लिहिला.

आमच्याकडे मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकतात, म्हणजे छत गळत नाही. या घराचा मान म्हणून गावातल्या प्रत्येक घरची एक पाटी इथे पडते. मानाची माती काढून टाकायची नसते. यंदा माझा लेख वाचून आणखी तीन गावांनी पाट्या आणायचे ठरवले.

माती टाकण्याच्या आदल्या दिवशी मी छतात सळई खुपसली. मातीचा थर सव्वादोन फूट. पाऊण फुटासाठी बांधलेल्या छतावर सुमारे पावणेआठशे मण वजन होते. खाली उतरून पाहिले, तर तिसऱ्या तुळईला वीतभर चीर.

लोटन मिस्तरीच्या आजाने हे छत केले होते. लोटनला चीर दाखवली.

"तुळई बदलता येईल?"

"एक काढली की आठही खाली," तो म्हणाला.

"मग खाली टेकू लावू."

"टेकू? अन् उद्या चार गावचे लोक काय पाहायला येताहेत, खांब?"

मावशी चुलीपाशी बसली होती. सासऱ्याच्या या घरात तिची एकेचाळीस वर्षे गेली होती. मी वजनाचा हिशेब सांगितला. ती हसली.

"तू भलता शिकना रे भाऊ! लोके मान दी राहिनात अन् मी नही म्हनू?"

"मग उद्यापुरती ओट्यावर तरी बस."

"पाहुणासले पानी कोन दी?"

सकाळी मी तिसऱ्या तुळईला ओळंबा बांधला, टोक जमिनीपासून बरोबर एक बोट वर ठेवून. बाहेर हलगी वाजत होती. बाया शिडीने चढत होत्या. पाटी पडली की वरून धप् आवाज येई आणि फटींतून थोडी धूळ खाली येई.

तिसाव्या पाटीला ओळंबा जमिनीला टेकला.

मी धावत बाहेर गेलो. "थांबा! वर कोणी चढू नका!"

"हे पाहा, लेखवाले आले!" शिडीवरून गावातले कौतिकभाऊ ओरडले. "तुमची पाटी कुठे?" सगळे हसले. कोणीतरी माझ्याही हातात भरलेली पाटी दिली. मी ती खाली ठेवली, तर एका म्हातारीने उचलून वर पोहोचवली.

मी आत आलो. ओळंब्याची दोरी सैल पडून जमिनीवर तिची दोन वेटोळी झाली होती. मावशी तांब्यात गुळाचे पाणी ओतत होती. मी तिला हाताला धरून ओढले.

"सोड रे, सांडी जाई. आखो कितला शेतस बाहेर?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

तिने आणखी गूळ घातला. वर पुन्हा धप् झाले. माझ्या पाटीचाच आवाज असावा. दोरीने तिसरे वेटोळे घेतले.