डाव्या हाताचा ब्रेक

साखऱ्याकडून येणारी सकाळची एसटी त्या दिवशी आलीच नाही. खैरवाडीच्या फाट्यावर प्रेमा पावणेदहापर्यंत वाट बघत उभी होती. अकरा वाजता हिंगोलीत तिचा मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर होता. साल चौऱ्याहत्तर, मार्च महिना. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर ती बाहेरून परीक्षेला बसली होती. नवरा जळबा नांदेडच्या गिरणीत कामाला होता.

तिचे सासरे ग्यानोबा गावचे डाकवाले. हिंगोलीहून टपालाची थैली आणायला ते सायकलवर निघाले, तर सून अजून फाट्यावरच.

"गाडी न्हाई आली?"

"न्हाई, मामा. पलीकडं कुठंतरी बंद पडली म्हणतेत."

ग्यानोबांनी सूर्याकडं बघितलं. "बस मागं."

प्रेमा लगेच बसली नाही. मामांच्या हातांची तकलीफ तिला माहीत होती. दोन वर्षं झाली, हिंगोलीच्या वाटेवरचा खैराचा उतार उतरला की त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. संध्याकाळी भाकरी मोडता यायची नाही. सासूबाई, कमलबाई, तेल चोळून द्यायच्या. हिंगोलीच्या सूर्यकांत मिस्त्रीनं सायकल बघून त्यांना सांगितलं होतं, "सीटचं नाक खाली झुकलंय. सगळा भार तळहातावर येऊन राहिला. मूठ आवळू नका, ब्रेक दाबूनच ठेवू नका." ग्यानोबा हो म्हणाले होते. पण सायकल जशी होती तशीच राहिली. घेतली तेव्हापासून ती अशीच आहे, आता काय बदलायचं, असं ते म्हणायचे.

"बसते का न्हाई? येळ जाऊन राहिला," ते म्हणाले.

प्रेमा कॅरिअरवर बसली. उजव्या हातात पेन, पट्टी आणि हॉलतिकिटाची पिशवी होती.

माळावरचे पाच मैल बरे गेले. मग उतार लागला. दोन मैल सलग उतार, एका बाजूला मुरमाचा कडा, दुसऱ्या बाजूला ओढा. ग्यानोबांनी दोन्ही ब्रेक दाबले ते सोडलेच नाहीत. मागं रोज नुसती रिकामी थैली असायची, आज माणूस होतं. पहिल्या वळणाआधीच त्यांच्या बोटांत मुंग्या आल्या. दुसऱ्या वळणावर बोटं दुखायचीही थांबली. ब्रेकवर आपला हात आहे की नाही हेच त्यांना कळेना.

"मामा, जोरात चाललोय."

त्यांनी खाली बघितलं. डावी बोटं ब्रेकवरून घसरून नुसती लोंबत होती. त्यांनी ती पुन्हा वळवायचा प्रयत्न केला. वळली नाहीत. सायकलीनं वेग घेतला. वळणापलीकडून कुणाच्या तरी शेळ्यांचा आवाज येत होता.

ग्यानोबांनी हँडल कड्याकडं घातलं. चाक मुरमात रुतलं आणि दोघंही बाजूला पडली.

प्रेमानं आधी उजवा हात उघडून मिटून बघितला. तो शाबूत होता. डावं कोपर सोललं होतं.

"लागलं का, पोरी?"

"न्हाई. तुमास्नी?"

ग्यानोबा हात मांडीवर ठेवून बसले होते. बोटं आकड्यासारखी वाकडी. "माझ्यानं आता ब्रेक धरवत न्हाई," ते म्हणाले. "चालत उतरू."

"चालत उतरलं तर साडेअकरा होत्याल. साडेअकराला दार लावतेत."

शेळ्या वळणावरून आल्या, त्यांना हुंगून पुढं गेल्या. प्रेमा सायकल उभी करून बघत होती.

"मिस्त्री काय म्हणला व्हता? सीटचं नाक वर करा, व्हय ना?"

सीटखालच्या पिशवीत पाना होता. गंजलेला नट तिनंच फिरवला, ग्यानोबांनी दोन्ही तळव्यांनी सीट वर दाबून धरली. मग त्यांनी डोक्याचा पटका काढला. दातानं फाडून तिनं त्याच्या पट्ट्या दोन्ही मुठींवर गुंडाळल्या. तोवर ग्यानोबांची बोटं थोडी उबदार झाली होती, पण जोर उजव्या हातातच होता.

"एक ब्रेक मी धरते," प्रेमा म्हणाली.

"मागं बसून हात कसा पुरंल?"

"मागं न्हाई. म्होरं दांड्यावर."

ग्यानोबांनी रस्त्याकडं बघितलं. सासऱ्याच्या हातांमध्ये, दांड्यावर सून. हा गावरस्ता. हिंगोलीच्या बाजाराला चाललेली माणसं वाटेत भेटणार.

"लोक बघतील."

"बघू द्या. डावा हात मोकळाच हाय माझा. उजवा लिहायला ठेवते."

ते उठले.

प्रेमा दांड्यावर आडवी बसली, पिशवी मांडीत धरली आणि डाव्या हातानं मागचा ब्रेक घेतला. पहिल्याच उतरणीला तिनं तो गच्च आवळला. मागचं चाक मुरमावरून सरकलं.

"सोड. थोडं धर, मग सोड. पुन्हा धर."

ते सरळ केलेल्या सीटवर मागं रेलले. कोपरं सैल सोडली, तळवे नुसते टेकवले. पुढचा ब्रेक ते दोन बोटांनी दाबत आणि ती मागचा धरायला लागली की आपला सोडत. "धर. सोड. धर." बाकी काहीच बोलणं नव्हतं. खालच्या पुलावर कडब्यानं भरलेली बैलगाडी आडवी आली, तेव्हा दोघांनीही एकदमच दाबलं. सायकल गाडीच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. गाडीवरच्या, गावच्याच अमृतराव देशमुखांनी दोघांकडं बघितलं आणि बैल हाकलले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रेमा शाळेच्या दारात पोहोचली. शिपायानं हॉलतिकीट बघून तिला आत सोडलं. ग्यानोबा बाहेर लिंबाखाली बसले आणि बोटं एकेक करून उघडत राहिले.

दोनला ती बाहेर आली. "निबंध अर्धाच राहिला, मामा."

"बाकीचं?"

"बाकीचं लिहिलं."

चार दिवसांनी अमृतराव घरासमोर थांबले. "ग्यानोबा, सुनेला दांड्यावर बसवून हिंडून राहिले का?"

ग्यानोबा काही बोलायच्या आत कमलबाई दारात आल्या. "तिनं ब्रेक धरला म्हणून तुमचे बैल वाचले, देशमुख," त्या म्हणाल्या आणि कामाला आत गेल्या. अमृतरावांनी मग तो विषय काढला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत अडतीस, आणि प्रेमा पास झाली. ग्यानोबांच्या बोटांना हळूहळू जान आली. करंगळी मात्र कायमची थोडी बधिरच राहिली. तरी निवृत्तीपर्यंतची सात वर्षं त्यांनी तोच उतार रोज उतरला, आणि वाटेत दोनदा थांबून हात झटकायची सवय लावून घेतली.